दारातली चिंधी

"आई, ही चिंधी परत कुणी घातली दारात?"

तनुजाने विचारलं तेव्हा सिंधुबाई पाय लांब करून बसल्या होत्या आणि पायांवर पालथ्या घातलेल्या नातीच्या पाठीला तेल चोळत होत्या. प्रश्न त्यांनी ऐकला, पण ऐकला नाही असं दाखवलं. खरं तर 'कुणी' असं विचारण्यात काही अर्थ नव्हता. जावई सकाळीच कामावर गेलेला, आणि छकुलीला अजून स्वतःची मूठ तोंडात नीट घालता येत नव्हती.

"आई, मी काय विचारायलेय?"

"मीच घातली. बारीक फट हाय, त्यानं काय व्हतंय?"

"बाहेर उणे पंचवीस आहे! त्या बारीक फटीतून सगळं वारं आत यायलंय. हिला काही झालं म्हणजे?"

तनुजाने दाराच्या कडेतून चिंधी ओढून काढली. जुन्या सुती लुगड्याचा तुकडा होता तो, अशा बेताने घडी घातलेला की दार त्यावर येऊन टेकावं, पण कुलूप बसू नये. तिने तो धुण्याच्या टोपलीत फेकला. दार खट् आवाज करून बंद झालं. सिंधुबाईंचा हात नातीच्या पाठीवर थांबला.

तीस वर्षांत सिंधुबाईंच्या घरातलं एकही दार पूर्ण बंद झालेलं नव्हतं. त्यांचं गाव किल्लारीपासून जवळ. भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि त्यांवरची मातीची जड माळवदं खाली आली, आणि जुनं गाव जागेवरून उठलं ते उठलंच. आधी पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढले, मग नव्या गावठाणात घरं मिळाली. हे घर काही केल्या पडत नाही, असं इंजिनिअर साहेबाने भिंतीवर थाप मारून सांगितलं. सिंधुबाईंनी त्याला चहा पाजला आणि तो गेल्यावर आपली बाज अंगणात काढली. पावसाळ्यात ती ओसरीच्या पत्र्याखाली यायची, एवढंच. दारांना चिंध्या लावलेल्या असत. त्यामुळे घरात मांजरं यायची, कुत्री यायची, एकदा शेजारच्यांच्या शेळीने मळलेली कणीक परातीसकट ओढून नेली होती. नवऱ्याने, भागवतरावांनी, पहिली काही वर्षं डोकं आपटून घेतलं, मग नाद सोडला.

दुसरी सवय तांब्याची. झोपताना उशाशी पाण्याचा तांब्या, आणि त्याच्या काठावर फुलपात्र असं तिरकं ठेवायचं की जमीन जराशी हलली तरी ते खाली पडून वाजावं. त्या वेळी गावात सगळेच हे करायचे. पुढे लोक विसरले, पोराबाळांची लग्नं झाली, टीव्ही आले. सिंधुबाईंचं फुलपात्र मात्र रोज रात्री तांब्यावर चढायचं.

त्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. सगळी नोकरी त्यांनी पोरांना लिंबाखाली बसवून काढली. पर्यवेक्षिका तपासणीला यायच्या आणि चिडायच्या, "सिंधुबाई, सरकारनं खोली कशाला बांधून दिलीय?" सिंधुबाई म्हणायच्या, "सामान ठेवायला, मॅडम." गावातल्या निम्म्या पोरांना बाराखडी लिंबोळ्यांच्या वासासकट आठवते.

तर अशा सिंधुबाई लेकीच्या बाळंतपणासाठी कॅनडातल्या कॅलगरी शहरात आल्या. विमानाची त्यांना भीती वाटली नाही. विमान पडलं तर आपण पडू, आपल्यावर काही पडणार नाही, असा त्यांचा साधा हिशोब होता. भीती सुरू झाली ती घरासमोर गाडी थांबल्यावर. जावई सत्यम बॅगा घेऊन पायऱ्या चढण्याऐवजी घराच्या कडेने गेला, एक दार उघडलं, आणि पायऱ्या उतरायला लागला.

"खाली कुठं निघाले, जावईबापू?"

"आपलं घर खालीच हाय, मामी. वरी मालक राहतेत. इकडं लई लोक असंच राहतेत. ऊब असती बघा खाली."

जमिनीच्या पोटात दोन खोल्या. वर छताला लागून एक हातभर खिडकी, तिला बाहेरून बर्फ टेकलेलं. आणि त्या छताच्या वर आख्खं दुसरं घर, त्यातली कपाटं, पलंग, माणसं. सिंधुबाई म्हणाल्या, "हाव का, बरं हाय की." आणि आपली बॅग त्यांनी पायऱ्यांच्या तोंडाशी ठेवली. तिथून ती नंतर कुणाला हलवू दिली नाही. झोपायच्याही तिथेच, पायऱ्यांकडे पाय करून.

सत्यम नांदेडचा, स्वभावाने हौशी. सासूबाईंना शहर दाखवायचं म्हणून त्याने एका रविवारी गाडी काढली. त्याने दाखवलेलं शहर आणि सिंधुबाईंनी पाहिलेलं शहर ही मात्र दोन वेगळी शहरं होती. तो म्हणाला, "ती नदी बघा मामी, आख्खी गोठलीय." सिंधुबाईंनी नदीवरच्या पुलाचे खांब पाहिले. तो म्हणाला, "इथं थंडीत रस्त्यावर यायचं कामच न्हाई, ह्या बिल्डिंगीतून त्या बिल्डिंगीत जायला काचेचे पूल हायेत." सिंधुबाईंनी मान वर केली. दोन उंच इमारतींच्या मध्ये हवेत एक काचेचा बोळ, त्यातून माणसं हातात कॉफी घेऊन निवांत चाललेली. खाली रस्ता एवढा रुंद, एवढा मोकळा, आणि त्यावर एकही माणूस नाही. पळायची जागा सगळी रिकामी ठेवून हे लोक डोक्यावर काँक्रीट घेऊन का फिरतात, ते त्यांना कळेना.

मग शहरातला उंच मनोरा. वर गेल्यावर पायाखाली काच आहे, त्यातून थेट खालचा रस्ता दिसतो, असं सत्यमने कौतुकाने सांगितलं. सिंधुबाई लिफ्टमधून बाहेरच आल्या नाहीत. लिफ्टवाल्या मुलीने त्यांना हसून काहीतरी विचारलं, त्यांनीही हसून दाखवलं, आणि तिच्यासोबत तशाच खाली उतरल्या.

परत येताना त्यांनी हळूच विचारलं, "इकडं जमीन हालती का हो कधी?"

"न्हाई मामी. ते तिकडं समुद्राकडच्या शहराला भ्या हाय. इथं काही न्हाई."

"आमच्याकडंबी न्हाई म्हणत हुते," सिंधुबाई म्हणाल्या.

आणि आज ही चिंधी. आजचा दिवस तसा साधा नव्हता. तनुजाची नोकरी नवी, रजा थोडी, आणि ती संपत आलेली. ती कामावर गेली की छकुलीला आजीने सांभाळायचं, त्यासाठीच तर सिंधुबाई आल्या होत्या. नाहीतर पोर परक्या बायकांच्या पाळणाघरात जाणार होती. तनुजाला आज दवाखान्यात स्वतःला दाखवायचं होतं, आणि सर्दी झालेली छकुली घरीच राहणार होती. आजी आणि नात दोघीच. पहिल्यांदाच.

कोट चढवताना तनुजा म्हणाली, "किल्ली इथं खुंटीला आहे. दार बाहेरून आपोआप बंद होतं, कळलं? बाहेर जायचंच नाही. आणि चिंधी घालायची नाही. छकुलीची शपथ घे."

"लेकराच्या आणा घेऊ न्हाईत. न्हाई घालत म्हणलं की न्हाई घालत."

"बघ हं, आई. तुझ्या भरवशावर चाललेय."

दार खट्‌कन बंद झालं. सिंधुबाईंनी छकुलीला स्वतः शिवून आणलेल्या गोधडीत गुंडाळलं आणि पायऱ्यांच्या तोंडाशी बसून मांडीवर घेतलं. शेजारी तांब्या, त्यावर फुलपात्र. इथे आल्यापासून ते दिवसाही चढलेलंच असायचं. पोर झोपली. सिंधुबाई घराचे आवाज ऐकत बसल्या. भिंतीतली गरम हवेची पेटी मधूनच फुस्स करून जागी व्हायची. वर मालकांची म्हातारी पंजाबी आई, तिला सगळे बीजी म्हणत, काठी टेकत चालायची. प्रत्येक आवाजाला सिंधुबाई छताकडे बघत आणि स्वतःलाच म्हणत, काही न्हाई, काठी हाय. काही न्हाई, पेटी हाय.

मग एक आवाज आला तो काठीचा नव्हता.

आधी तो कानाला कळलाच नाही, बुडाला कळला. लांबून काहीतरी जड गुरगुरत येत होतं. छताजवळच्या खिडकीची काच थरथरली. ओट्यावरच्या स्टीलच्या ताटल्या एकमेकींना लागून किणकिणल्या. सिंधुबाई तांब्याकडे बघत होत्या. पाण्यावर गोल गोल रेघा उठल्या, फुलपात्र काठावरून सरकलं आणि फरशीवर ठण्णकन पडलं.

त्यापुढचं त्यांना आठवत नाही. पायऱ्या आठवत नाहीत, कडी कशी फिरवली तेही नाही. भान आलं तेव्हा त्या भिंतीपासून लांब, मोकळ्या जागेत, पोटरीएवढ्या बर्फात उभ्या होत्या. छकुली छातीशी होती. समोरच्या रस्त्यावरून यंत्राचं एक पिवळं धूड, दोन ट्रॅक्टर एकापुढे एक लावावेत एवढं, लोखंडी पात्याने रस्त्यावरचा गोठलेला बर्फ खरवडत चाललं होतं. जमीन त्याच्यामुळे हादरत होती. वरच्या काचेत बसलेल्या ड्रायव्हरने बर्फात लुगडं नेसून उभी असलेली बाई पाहिली. त्याने हात वर करून नमस्कारासारखं काहीतरी केलं आणि पुढे गेला.

यंत्र वळणापलीकडे गेलं. जमीन थांबली. घर जागच्या जागी उभं होतं, खिडक्यांसकट. काही झालं नव्हतं. सिंधुबाईंना हसू यायला लागलं, आणि ते हसू तोंडावर यायच्या आत त्यांनी दाराकडे पाहिलं.

दार बंद होतं.

किल्ली आत खुंटीला होती. पायात नुसते मोजे, अंगात स्वेटर. श्वास घेतला की नाकात सुया टोचाव्यात अशी हवा. छकुली जागी झाली, तिने एकदा तोंड उघडलं, थंड हवा आत गेली आणि तिचा आवाजच बंद झाला. सिंधुबाईंनी स्वेटरची बटणं तोडली, पोरीला लुगड्याच्या आत, उघड्या छातीला लावलं, वरून गोधडी आवळली. अंगणवाडीत अशक्त बाळांच्या आयांना त्या हेच सांगायच्या. मग दाराला खांदा लावला.

दार हललं नाही. त्यांनी पुन्हा खांदा मारला. "उघड," त्या म्हणाल्या. "उघड की रं." आपण कुणाशी बोलतोय ते त्यांना कळत होतं आणि थांबताही येत नव्हतं. भूकंपाच्या त्या पहाटे गावातल्या घराचं दार आतून बंद नव्हतं, बाहेरूनही नव्हतं. परसाकडे जाताना वारं लागू नये म्हणून त्यांनी ते नुसतं ओढून घेतलं होतं. परत आल्या त्या हादऱ्यांतच, चौकट तिरकी झाली होती, आणि कडी न लावलेलं ते दार भिंतीत चिणल्यासारखं बसलं होतं. आत व्यंकटी होता, त्यांचा लेक. तीन वर्षांचा. त्याने हाक मारली होती.

बोटांना आता काही लागत नव्हतं. छातीशी छकुलीची हालचाल होत होती की नव्हती, तेही नीट कळत नव्हतं. या वेळी लेकरू आत नाही, आपल्याजवळ आहे, एवढं एकच त्यांना पुन्हा पुन्हा स्वतःला सांगावं लागलं. मग त्या दारापासून सुटल्या. घराला वळसा घालून, मोज्यांवरून घसरत, वरच्या मजल्याच्या पुढच्या दारापाशी आल्या आणि दोन्ही हातांनी दार बडवायला लागल्या.

"बीजी! दरवाजा खोलो! बच्चा है जी! बच्चा है!"

आतून काही नाही. म्हातारीला कमी ऐकू यायचं. सिंधुबाईंनी कपाळ दारावर आपटलं. "बीजी!"

मग काठीचा आवाज आला. आज सकाळपासून ज्या आवाजाला त्या दचकत होत्या, तो आवाज अगदी सावकाश, एकेक करत दाराकडे यायला लागला. त्याहून चांगला आवाज त्यांनी जन्मात ऐकला नसेल.

दार उघडलं. "की होया? हाय रब्बा! अंदर आ, अंदर आ!"

बीजींनी पोर गोधडीतून काढून पाहिली. छकुलीचं नाक लाल होतं, पण छाती, पाय, तळवे चांगले गरम होते, आणि ऊब लागताच तिने असा काही सूर लावला की दोघी म्हाताऱ्या एकदम खाली बसल्या. बीजींनी सिंधुबाईंचे ओले मोजे काढले आणि ऊन टॉवेलात पाय गुंडाळून आपल्या मांडीवर घेतले. सिंधुबाई पाय ओढून घ्यायला लागल्या. एवढ्या वडीलधाऱ्या बाईच्या मांडीवर पाय ठेवायचे म्हणजे काय!

"रहने दे," बीजी म्हणाल्या. "जवाई तेरा नांदेड का है ना? हजूर साहिब का? मैं गई थी वहाँ. वहाँ के लोगों ने मेरे पैर धोए थे."

सिंधुबाई तेव्हा रडल्या. आवाज न करता, पदर तोंडात धरून.

तनुजा आली ती आधी खाली गेली. बंद दार आपल्याजवळच्या किल्लीने उघडलं, तर फरशीवर फुलपात्र पडलेलं, पाळणा रिकामा, आईची चप्पल जागेवर. ती वर आली तेव्हा तिच्या तोंडाला रंग नव्हता. छकुलीला तिने आधी सगळीकडून चाचपून पाहिलं. बीजींसमोर काही बोलली नाही. खाली आल्यावर बोलली.

"बाहेर नेलंस हिला? या थंडीत? बीजी घरी नसत्या तर? काय झालं असतं माहीत आहे का तुला?"

"माहीत हाय."

"मग? तीस वर्षं झाली, आई! लोक विसरले. बाबा विसरले. तू आमच्या सगळ्यांच्या उरावर ते घेऊन बसलीस. मला लहानपणी थंडीत अंगणात झोपवायचीस, आता हिला. मी कशी ठेवू हिला तुझ्यापाशी?"

सिंधुबाईंनी मान खाली घातली. "नगं ठेवूस," त्या म्हणाल्या. "मला गावाकडं पाठव. लेकरू सांभाळायच्या लायकीची न्हाई मी."

तनुजाला हे अपेक्षित नव्हतं. ती भांडायच्या तयारीत होती.

"तसं नाही गं. पण एवढी भीती कशाची? दादा गेला, मला माहीत आहे. पण तो झोपेतच गेला ना? त्याला कळलंसुद्धा नाही, असंच म्हणतात ना सगळे?"

"तसं मीच सांगितलं समद्यांला," सिंधुबाई म्हणाल्या. "तुझ्या बाबांला बी. त्ये रानात हुते त्या रात्री." "त्यो जागा हुता, तनू. दाराच्या आतल्या अंगाला हुता. मी भायेरून ढकलत हुते, त्यो आतून. आई, दार उघड, म्हणला. कडी न्हवती गं लावलेली. नुसतं वढून घेतलं हुतं. मग वरचं माळवद आलं."

भिंतीतली पेटी फुस्स करून जागी झाली. दोघीही दचकल्या.

तनुजाने छकुलीला दूध पाजलं, पाळण्यात ठेवलं. फरशीवरचं फुलपात्र उचलून पुसलं आणि तांब्यावर होतं तसं तिरकं ठेवलं, दोनदा घसरलं म्हणून तिसऱ्यांदा ठेवलं. मग धुण्याच्या टोपलीतून ती चिंधी शोधून काढली. तिला घडी नीट जमेना. जमेल तशी घालून तिने ती दाराच्या कडेत बसवली आणि दार हळूच टेकवलं.

दिवस मावळायला आला होता. छताजवळच्या खिडकीतलं बर्फ निळसर पडलं होतं. फटीतून गार वाऱ्याची एक रेघ पायऱ्यांवरून खाली उतरत होती, आणि पाळण्यात छकुली शिंकली.

सिंधुबाई उठल्या. सुजलेल्या पायांनी पायऱ्या चढल्या आणि चिंधी काढून घेतली.

"आई, राहू दे ती."

"थंडी लागंल तिला."

दारावर दोन्ही तळहात ठेवून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी डोळे मिटले आणि दार लोटलं. खट् झालं. त्या तिथेच, वरच्या पायरीवर, दाराशेजारच्या भिंतीला पाठ लावून बसल्या. हात त्यांनी चिंधीत गुंडाळून घेतले. तनुजा छकुलीला घेऊन आली आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसली.

थोड्या वेळाने सिंधुबाई म्हणाल्या, "उघडतंय का, बघ बरं जरा."

तनुजाने हात लांबवून दार उघडलं, आणि पुन्हा लावलं. "उघडतंय, आई."

"हाव."

बाहेर कुणाची तरी गाडी गेली. काच जराशी वाजली.

"आजून एक बार बघ."

तनुजाने पुन्हा दार उघडलं. "उघडतंय," ती म्हणाली, आणि लावलं. नातीला आजीच्या मांडीवर ठेवलं आणि आपला हात कडीवरच राहू दिला.